‘इनामुरा नो ही’ : संपादनाने राखलेले आणि गाळलेले

24 डिसेंबर 1854 रोजी जपानमधील हिरो या किनारी गावावर (आजचे हिरोगावा) त्सुनामी आली. हामागुची गोर्यो या पस्तिशीतील व्यापाऱ्याने अंधारात वाट शोधणाऱ्यांना उंचावरील देवळाची दिशा कळावी म्हणून पेंढ्याच्या गंजी पेटवल्या. लफ्काडिओ हर्नच्या 1897 मधील इंग्रजी कथनात हाच माणूस टेकडीवर राहणारा वृद्ध होतो. पेंढ्याच्या जागी कापून ठेवलेले भाताचे पीक येते, आग लाटेपूर्वीच लागते आणि ती विझवायला धावलेले गाव वाचते. मार्ग दाखवणारा अग्नी असा इशारा देणारा होतो. कथा म्हणून हे रूप सरस आहे, हे मान्य करावे लागते.

नाकाई त्सुनेझो या शिक्षकाने हर्नची कथा संक्षेपाने जपानीत आणली. 1937 ते 1947 या काळात ती ‘इनामुरा नो ही’ या नावाने राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात होती. जपानी घटना इंग्रजीतून फिरून जपानीत परतली, हा प्रवास तौलनिक अभ्यासकाला मोहात पाडणारा आहे. परंतु निष्ठा-अनिष्ठेचा नेहमीचा हिशेब येथे अपुरा पडतो. 1854 चा भूकंप तीव्र होता, कथेतील धक्का मात्र सौम्य व लांबलेला आहे. 1896 च्या सानरिकू त्सुनामीपूर्वीचा सौम्य धक्का हर्नच्या कथनात मिसळलेला दिसतो. किनाऱ्यावरच्या मुलाने हा धडा खूण म्हणून लक्षात ठेवला, तर या फरकाला शैलीचा प्रश्न म्हणता येणार नाही.

याहून गंभीर बाब गाळण्याची आहे. गावकरी गोहेईपुढे (कथेतील त्याचे नाव) गुडघे टेकतात, तेथे धडा संपतो. प्रत्यक्षात गोर्योने त्यानंतर सुमारे 600 मीटर लांब व 5 मीटर उंच बांध घातला. तो 1858 मध्ये पुरा झाला. उद्ध्वस्त कुटुंबांनी गाव सोडू नये म्हणून कामाची मजुरी त्यांनाच दिली गेली. 1946 च्या त्सुनामीत या बांधाने वस्तीचा मोठा भाग वाचवला. धडा तेव्हाही पाठ्यपुस्तकात होता, आणि धड्यात नसलेला बांध गाव राखत होता.

आपत्ती-अभ्यासक कावाता योशिआकी यांनी लिहिलेला, 2011 मध्ये पाचवीच्या एका पाठ्यपुस्तकात आलेला पाठ बांधाला केंद्रस्थानी ठेवतो. अर्थात चरित्रात्मक गद्याला त्या ज्वाळेची ओढ नाही. गावाने मात्र ही निवड कधीच केली नव्हती. 1903 पासून तेथे चालत आलेल्या त्सुनामी-स्मरणोत्सवात शाळकरी मुले त्याच बांधावर माती टाकतात.