धुकं पुसून काढलेली छायाचित्रं

कोल्हापूरच्या निसर्गछायाचित्रणाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि दसऱ्याला संपतं. गगनबावड्याचा पाऊस, राऊतवाडीचा धबधबा, मसाई पठारावरची फुलं, पुरातली पंचगंगा. एवढ्यावर वर्षाची बेगमी होते. थंडी पडली की हीच छायाचित्रकार मंडळी दोन वाटांनी पांगतात. सुट्टी आणि पैसा असणारे हिमाचलातल्या स्पितीच्या बर्फाकडे जातात. बाकीचे शनिवारी पहाटे शाहूपुरीतून गाडी काढून शिवाजी पूल, वडणगे, केर्ली, वाघबीळ करत पन्हाळा गाठतात. नऊच्या आत मोबाइलवर छायाचित्रं फिरू लागतात: धुक्यातून डोकं काढणारा बुरूज, वळणावर मुद्दाम उभी केलेली जीप, एकटं झाड. तांत्रिकदृष्ट्या यात खोट काढायला जागा नसते. पण नावं झाकली, तर कुठलं कुणाचं हे काढणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

खरं तर या खोऱ्याला थंडीत जे मिळतं ते पावसाळ्यात मिळत नाही. आकाश निरभ्र असलं की रात्री जमीन झपाट्याने निवते, गार हवा सखल भागात उतरते आणि नदीकाठच्या ओलाव्याचं धुकं होऊन ते खोऱ्यातच साठून राहतं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० फुटांवर आहे, पन्हाळा ३१०० फुटांवर. म्हणजे गडावरचा माणूस आपोआप धुक्याच्या वर. त्यात उजेडही मदतीला असतो. मे महिन्यात इथला सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि सावल्या नाहीशा करतो; डिसेंबरच्या उत्तरार्धात तो भर दुपारीही क्षितिजापासून ५० अंशांच्या आसपासच चढतो. बांध, सऱ्या, उसाच्या ओळी सगळ्यांना सावली मिळते. सूर्य उगवतो सातच्या सुमाराला, त्यामुळे तीनला उठण्याचं शौर्यही गाजवावं लागत नाही.

या उजेडाचं आजच्या छायाचित्रात काय होतं, हे मात्र बघण्यासारखं आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरच्या दृश्याला सरासरी करड्या रंगाचं समजतो. म्हणून बर्फ असो की धुकं, जास्तीचा प्रकाश दिला नाही तर पांढरं मळकट दिसतं. हे आता नवशिक्यालाही ठाऊक असतं. गडबड होते ती पुढे, संगणकावर. छायाचित्रं सुधारायच्या लाइटरूम या प्रणालीत २०१५ साली ‘डीहेझ’ नावाची सोय आली. एक कळ सरकवली की धूसरपणा जातो, डोंगर जवळ येतात, आकाश निळंशार होतं. ज्या धुक्यासाठी गाडी काढली तेच धुकं घरी येऊन पुसायचं, वर नारिंगी रंगाची भर घालायची आणि ‘हिवाळी सकाळ’ म्हणून पुढे पाठवायचं. पंचगंगेच्या खोऱ्यातली हिवाळी हवा स्वच्छ नसतेच. तिच्यात पाचट पेटवल्याचा धूर असतो, गुऱ्हाळाचा असतो, कारखान्याच्या धुराड्याचा असतो. तो धूर काढून टाकलेलं छायाचित्र सुंदर असेलही, पण ते कोल्हापूरचं राहत नाही.

या गावात हा मुद्दा समजावून सांगावा लागतो, याचं नवल वाटतं. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून परतले आणि १९३१ साली निधन होईपर्यंत त्यांचं निसर्गचित्रण बव्हंशी कोटीतीर्थ, रंकाळा, संध्यामठ अशा पायी जाता येईल एवढ्या परिसरात झालं. त्याच जागा, वेगवेगळ्या वेळा, वेगवेगळा ओलावा. चंद्रकांत मांडरे सिनेमात नट म्हणून गाजले, पण राजारामपुरीतल्या त्यांच्या घरातलं संग्रहालय बघितलं की निसर्गचित्रकार मांडरे जास्त लक्षात राहतात. बाबूराव पेंटरांनी तर स्वतःचा सिनेकॅमेरा बनवला आणि १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये शेतकऱ्याची जमीनच गोष्टीच्या मध्यभागी आणली. चित्रकला आणि कॅमेरा हे इथे एकाच गल्लीतले शेजारी होते. आजही कलानिकेतन आणि दळवीज आर्ट्सची मुलं एकाच घाटावर पुन्हा पुन्हा बसून रंगवतात. छायाचित्रकार त्याच घाटावर गाडीची काच खाली करून जातो.

मराठी निसर्गछायाचित्रणाला दुसरं वळण आकाशातून मिळालं. गोपाळ बोधे यांनी हेलिकॉप्टरमधून किनारा आणि दीपगृहं टिपली. उद्धव ठाकरे यांचं ‘महाराष्ट्र देशा’ हे छायाचित्रांचं पुस्तक २०१० मध्ये आलं आणि वरून दिसणारे गड घराघरांत पोचले. मोलाचं काम होतं ते. मग ड्रोन स्वस्त झाले आणि तो कोन सवयीचा झाला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात पन्हाळाही आहे. आता वरून काढलेला तटबंदीचा घेर आणखी किती वेळा बघावा लागणार कोण जाणे.

स्पितीला जाणाऱ्यांबद्दल थोडक्यात. ब्रिटिश छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न १८६६ साली छायाचित्रणाच्या काचांची पेटी आणि रसायनं हमालांच्या पाठीवर देऊन किन्नौर आणि स्पितीच्या मधल्या मणिरंग खिंडीत सुमारे १८,६०० फुटांवर पोचला आणि तिथे छायाचित्रं काढली. आज अडचण एवढीच की थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून ती अंगाशी ठेवायची. आणि उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत बंद करायचा, नाहीतर काचेवर दव धरतं. इतकं सोपं झाल्यावर तिकडून निराळं काही यावं, ही अपेक्षा जास्त नाही. ती क्वचितच पुरी होते.

निराळं काही पाहिजे असेल तर ते गगनबावड्याच्या रस्त्यावर, बालिंगे आणि कळ्याच्या दरम्यान आहे. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, उसाच्या बैलगाड्या, बीडकडून आलेल्या तोडणी कामगारांच्या खोपी, सकाळच्या गारव्यात गुऱ्हाळातल्या चुलवाणाचा जाळ आणि काहिलीवरून उठणारी वाफ. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती गुळाच्या पेठेसाठी आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. एवढा मोठा हिवाळी देखावा छायाचित्रकार ‘मध्ये वायरी येतात’ म्हणून सोडून देतात. अमेरिकेत रोचेस्टरला १९७५ साली ‘न्यू टोपोग्राफिक्स’ नावाचं प्रदर्शन भरलं, त्यात माणसाने बदललेला भूभाग हाच विषय होता: गोदामं, नव्या वसाहती, रस्ते. पन्नास वर्षं झाली, आपल्याकडे खांब अजून कातरले जातात. रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडं गेली. त्या जागी गेल्या हिवाळ्यात काय दिसत होतं, हे दाखवणारा संच कुणाकडे असेल तर तो बुरुजांच्या शंभर छायाचित्रांपेक्षा मोलाचा ठरेल.

एकट्या झाडाच्या वेडाबद्दलही बोललं पाहिजे. जपानमध्ये होक्काइदोतल्या बिएई इथे शेतात कललेलं एक पॉपलर छायाचित्रांमुळे प्रसिद्ध झालं. लोक शेत तुडवू लागले आणि २०१६ च्या फेब्रुवारीत मालकाने ते तोडून टाकलं. आपल्याकडेही हरभऱ्याच्या रानात ट्रायपॉड रोवणाऱ्याने आधी मालकाला विचारावं.

कोल्हापुरात छायाचित्रांची प्रदर्शनं भरतात, शाहू स्मारकच्या दालनात गर्दीही होते. आयोजकांनी एका वर्षापुरती एक अट घालून पाहावी: प्रत्येकाने एकच जागा निवडायची, ती शहरापासून एसटीने तासाभरात पोचता येईल अशी, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तिथली दहा छायाचित्रं द्यायची, तारीख आणि वेळ लिहून. धूर, वायरी, ट्रॉल्या चालतील. डीहेझ नको.