आर्नोल्डचा बुद्ध आणि आमचा

मुलुंडास आमचे एक स्नेही राहतात. त्यांच्या दिवाणखान्यांत बुद्धाची सुबक मूर्ति आहे, आणि शेजारच्या कपाटांत सर एडविन आर्नोल्ड यांचें ‘लाइट ऑफ एशिया’ हें काव्य. “हें वाचलें कीं मनाला शांति मिळते,” असें ते म्हणाले. या उत्तरामुळेंच आम्हीं तें काव्य पुन्हां वाचलें.

आर्नोल्ड १८६१ पर्यंत पुण्याच्या सरकारी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल होते. पुढें डेक्कन कॉलेज झालें तेंच हें. पुण्यांत त्यांस संस्कृताची गोडी लागली. लंडनांत वर्तमानपत्राच्या कचेरींत काम करीत असतां त्यांनीं हें आठ सर्गांचें काव्य रचलें. तें १८७९ सालीं प्रसिद्ध झालें. डार्विनच्या ग्रंथानंतर ज्यांची श्रद्धा डळमळली होती, अशा पाश्चात्य वाचकांस सृष्टिकर्त्यावांचून नीतिनियम सांगणारा हा महापुरुष मोठा आधार वाटला. परधर्माच्या संस्थापकाची कथा कवीनें एका कल्पित बौद्ध उपासकाच्या मुखें सांगविली, आणि तींत कोठेंहि तुच्छतेचा सूर येऊं दिला नाहीं. हा त्याचा गुण आम्ही थोर मानतों.

परंतु या काव्यांतील बुद्ध कशासाठीं घर सोडतो? वृद्ध, रोगी आणि शव पाहून त्याचें कोमल मन हादरतें, व निजलेल्या यशोधरेस सोडून तो रात्रीं निघून जातो. त्याची करुणा सर्व जीवांसाठीं आहे खरी. पण त्या जीवांस एकमेकांचा जाच होतो, हें कवीस विशेष दिसत नाहीं. जरामरणाचें दुःख राजवाड्यांतहि असतें. म्हणून सुखवस्तु वाचकास तें लगेच आपलेंसें वाटतें.

याच्या शेजारीं धर्मानंद कोसंबी यांचा ‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) ठेवून पाहावा. गोव्याच्या या गृहस्थानें ‘बालबोध’ मासिकांत बुद्धचरित्र वाचलें, १८९९ सालीं घर सोडलें, आणि सिंहलद्वीपास जाऊन पालि ग्रंथांचें अध्ययन केलें. त्यानें दाखवून दिलें कीं, त्या दर्शनांची कथा मुळांत विपस्सी नामक पूर्वबुद्धाची आहे. गौतमाच्या चरित्रांत ती मागाहून आली. सुत्तांप्रमाणें गौतमानें रडणाऱ्या आईबापांसमक्ष गृहत्याग केला, आणि त्याच्या वैराग्याचें कारण परस्परांशीं झगडणारी, शस्त्रें उगारणारी माणसें हें होतें. डॉ. आंबेडकरांच्या १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांतहि चार दर्शनांचें कारण नाकारून रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यास महत्त्व दिलें आहे. १९५६ सालीं नागपुरास ज्या लाखों लोकांनीं बुद्धास शरण जाण्याचें ठरविलें, त्यांस केवळ मनःशांति नको होती. त्यांस माणुसकी हवी होती.

म्हणून आर्नोल्ड टाकाऊ ठरतो काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. दूरच्या माणसानें स्वतःच्या दुःखाचें औषध शोधीत यावें, हें स्वाभाविकच आहे. दोष आमच्याकडे येतो तो असा कीं, शेजाऱ्यानें घेतलेली दीक्षा न पाहतां आम्हीहि त्या परदेशी आरशांतला बुद्ध तेवढाच घरीं आणतों.

स्नेह्यांच्या गच्चीवरून जो डोंगर दिसतो, त्याच्या पलीकडे कान्हेरीचीं लेणीं आहेत. तेथें भिक्षु एकांतांत ध्यान करीत. पण त्या एकांतासाठीं लेणीं व पाण्याचीं टाकीं कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांसारख्या दात्यांनीं खोदवून दिलीं, असें तेथील शिलालेख सांगतात. स्नेह्यांनीं काव्य खुशाल पुन्हां वाचावें. मात्र त्याच कपाटांत कोसंबींसहि जागा द्यावी.