देवीचे ऐकतो कोण?

राजिंदर सिंह बेदी यांची ‘लाजवंती’ ही उर्दू कथा फाळणीची कथा म्हणून वाचली जाते. आमच्या मते ती त्याहून अधिक नवरा-बायकोच्या नात्याची कथा आहे.

१९४७ च्या धुमाकुळात लाजो पळवली जाते. अशा स्त्रियांना घरात परत घ्या, म्हणून तिचा नवरा सुंदरलाल प्रभातफेऱ्या काढतो. पुढे १९४९ मध्ये या स्त्रियांना शोधून परत आणण्यासाठी भारताने कायदाही केला. पण कायदा स्त्रीला उंबरठ्यापर्यंतच आणतो. पुढचे काम माणसाचे असते.

लाजो परतते. तिची तब्येत सुधारलेली, ओढणी मुसलमानी पद्धतीची. ही तिकडे सुखात होती की काय, हा काटा सुंदरलालला टोचतो. तरी तो तिला स्वीकारतो. पूर्वी मारहाण करणारा हा नवरा आता तिला ‘देवी’ म्हणतो. ती मन मोकळे करू लागताच मात्र झाले गेले विसरून जाऊ म्हणत विषय मिटवतो. तिला घर हवे होते, मिळाला देव्हारा!

बेदींची मानसशास्त्रीय जाण इथेच दिसते. दया आणि आदर यांनाच आपण प्रेम समजतो. पण तिची हकिकत ऐकली असती, तर सुंदरलालला स्वतःच्या मनातल्या संशयाकडे पाहावे लागले असते. ‘देवी’ हा शब्द त्याला त्यातून वाचवतो.

‘तो मारत नव्हता तरी त्याची भीती वाटे, तुम्ही मारायचात तरी वाटत नसे,’ अशा अर्थाचे लाजो बोलते. हे मारहाणीचे समर्थन मानणे चूक ठरेल. ती हरवलेली सलगी शोधते आहे. लाजवंती म्हणजे आपले लाजाळूचे झाड. ते स्पर्शाने मिटते. ही लाजो मात्र आपलेपणाने कोणी जवळ न घेतल्यामुळे कोमेजते.

तिकडे काय घडले, हे बेदींनीही लाजोच्या तोंडून सविस्तर येऊ दिलेले नाही, असा आक्षेप घेता येईल. आम्हाला ती उणीव वाटत नाही. नवऱ्याने न ऐकलेले वाचकालाही ऐकू येत नाही, आणि म्हणूनच ते मौन बोचते.

आपल्या घरांतही ‘इज्जत’ हा शब्द फार चालतो. निकाहाच्या वेळी मुलीची कबुली विचारली जाते. त्यानंतर तिचे मन किती वेळा विचारले जाते? ‘लाजवंती’ वाचून हा प्रश्न आपण आपल्याच घरात विचारला पाहिजे.