मातेच्या रक्तातील गर्भपेशी : एका आशेची चिकित्सा

वाल्कनोव्स्का व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली गर्भवतींच्या रक्तातील पेशींचे संवर्धन केले आणि त्यांत पुरुषगुणसूत्रे असलेल्या पेशी दाखविल्या. गर्भजलात सुई न घालता गर्भनिदान होईल, अशी आशा तेव्हापासून बळावली. तिच्या आड दोन अडचणी आल्या. पहिली संख्येची : मिलिलिटरभर रक्तात गर्भपेशी एखाददुसरीच, व संवर्धनात फोफावतात त्या मातेच्याच. दुसरी अधिक मूलगामी : अशा पेशी प्रसूतीनंतर २७ वर्षांपर्यंत टिकू शकतात, हे बियांकी यांनी १९९६ साली दाखविले. मग वाढविलेली पेशी या गर्भाची की थोरल्या भावंडाची?

लो यांनी १९९७ साली दाखविलेला पेशीमुक्त गर्भीय डीएनए प्रसूतीनंतर लवकरच नाहीसा होतो. आजची चाचणी म्हणूनच त्यावर उभी आहे. परंतु तो मुख्यतः वारेतून येतो, त्यामुळे अंतिम निश्चितीस बहुधा सुईच लागते.

या चाचणीस लावले जाणारे ‘निरुपद्रवी’ हे विशेषणही तपासून घ्यावयास हवे. पुणे जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे २००१ साली ९०२ मुली होत्या. २०११ साली ८८३. सोनोग्राफीचे यंत्र नोंदविता येते, मोहोरबंद करता येते. बारामती वा इंदापूरहून निघालेली रक्ताची नळी मात्र कोठेही जाऊ शकते. १९९४ च्या कायद्याने गर्भवतीच्या रक्ताची तपासणीही आपल्या कक्षेत घेतली आहे; पण कक्षा आखणे निराळे आणि राखणे निराळे. मातेच्या देहास उपद्रव नाही, एवढ्यावरून तंत्र निरुपद्रवी ठरत नाही.