कातळावरील खोदचित्रांचा काळ

पुराणवस्तुसंशोधन म्हटलें कीं, आमच्यासारख्या पोथ्यांच्या संग्राहकांची दृष्टि प्रथम कोरीव लेखाकडे वळते. रत्नागिरी जिल्ह्यांत तिला आधारहि आहे. पन्हाळेकाजी येथें २९ लेणीं आहेत. तेथें सांपडलेला शिलाहार विक्रमादित्याचा ताम्रपट आपला काळ, इ. स. ११३९, स्वतःच सांगतो. परंतु कशेळी, उक्षी, बारसू इत्यादि गांवांच्या सड्यांवर जांभ्या कातळांत जीं चित्रें खोदलेलीं आहेत, त्यांशेजारीं काळ सांगणारें अक्षर नाहीं. श्री. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनीं सडे पायीं तुडवून तीं उजेडांत आणिलीं. सन २०२२ मध्यें कोंकणांतील हीं चित्रें युनेस्कोच्या संभाव्य वारसायादींत गेलीं.

वृत्तपत्रांतून या चित्रांस दहा-बारा हजार वर्षांचें वय सरसकट दिलें जातें. तीं प्राचीन नाहींत असें आमचें म्हणणें नव्हे. प्रमाण कोणतें, एवढेंच आम्ही विचारतों. उघड्या सड्यावर मातीचे थर सांचत नाहींत, म्हणून उत्खनकाची थरगणना तेथें चालत नाहीं. रेषेंत कोळसा वा हाड नाहीं, म्हणून कर्ब-१४ ची परीक्षाहि नाहीं. उरतो चित्रविषय. गेंडा आज कोंकणांत नाहीं, सबब चित्र अतिप्राचीन, असें अनुमान करितात. गुजराथेंत लांघणज येथें डॉ. सांकळिया यांच्या उत्खननांत मध्याश्मयुगीन गेंड्याचें हाड मिळालें, हें खरें. त्यावरून पश्चिम भारतांत त्या काळीं गेंडा होता, इतकें सिद्ध होतें. तो पुढें केव्हां नाहींसा झाला, हें तें हाड सांगत नाहीं. धुरावरून अग्नि कळतो. अग्नि केव्हां पेटला, हें धूर सांगत नाहीं. नैयायिकांच्या भाषेंत, येथें व्याप्तीच अपुरी आहे.

तेव्हां लेखविद्या, प्रागितिहास, भूशास्त्र व अस्थिविद्या या शाखांनीं एकत्र बसावें. जवळच्या गुहांत व नदीकांठीं, जेथें माती सांचली आहे, तेथें दगडी हत्यारें शोधून त्यांचा चित्रांशीं संबंध तपासावा.

दोष आमचाहि आहे. एखादें बाड मिळेल या आशेनें आम्ही वर्षानुवर्षें अशाच एका सड्यावरून गेलों आणि पायाखालच्या रेषा गुराख्यांच्या समजलों. कसर लागलेल्या पोथीची दुसरी प्रत कोठें तरी मिळूं शकते. चिरेखाणींत गेलेल्या चित्राची मिळत नाहीं. वाचकांनीं आपापल्या सड्यावरील चित्रांचीं मापें, छायाचित्रें व स्थलनिर्देश मंडळाकडे धाडावे. काळाचा आंकडा मात्र रिकामा ठेवावा.