तरवडाचे कान

सोलापूरच्या माळावर तरवड फुलला म्हणजे छायाचित्रकारांचे पाय तिकडे वळतात. ही पिवळी फुले आता दिनदर्शिकांतून व मोबाइलच्या पडद्यांवरून पुष्कळ दिसतात. मात्र बहुतेक चित्रांची रीत एकच : फूल ठसठशीत आणि मागे हिरवट धूर. ही रीत एकदा तपासून पाहावयास हवी.

तिचे गुण प्रथम मान्य करू. येथल्या भर दुपारच्या उन्हात पिवळ्या पाकळ्यांचे बारकावे चकाकीत बुडतात. सकाळचा तिरपा प्रकाश मागून आला, तर पाकळीची शीर न् शीर उजळते. सावलीच्या बाजूस धरलेला साधा पांढरा कागदही उपयोगी पडतो. उभ्याने वरून टिपलेले झुडूप खुजे वाटते. गुडघे टेकून कॅमेरा फुलाच्या उंचीला आणला, की तेच आभाळापुढे मान वर करून उभे राहते. भिंगाचे छिद्र मोठे ठेवले आणि मागची झाडी दूर असली, तर पार्श्वभूमी विरते व नजर भटकत नाही.

परंतु अतिरेक झाला, की हीच युक्ती झाडाची ओळख पुसते. तरवडाच्या पानांच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी उपपर्णे असतात. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘ऑरिक्युलाटा’ हे पद त्या कानांवरूनच आले. चित्रात नेमके हे कान धुक्यात जातात. मोबाइल तर कृत्रिम धूसरता आणताना कुसळांची टोकेही छाटतो. जर्मन छायाचित्रकार कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी १९२८ च्या आपल्या ग्रंथात वनस्पती कोऱ्या पार्श्वभूमीवर मांडल्या खऱ्या. पण तेथे आकाराचा एकही काठ पुसलेला नाही.

मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात येशूसंघीय वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आहे. अशा संग्रहातील वाळल्या फांदीचा रंग उडालेला असतो, तरी तिच्या कागदावर ठिकाण व तारीख असते. आपल्या रंगीत चित्राला मात्र गावच नसते. सोलापुरापुरती ही उणीव लहान नव्हे. नान्नजच्या ज्या माळांवर माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, तसल्या गवताळ जमिनी सरकारी दप्तरांत अनेकदा ‘पडीक’ म्हणूनच नोंदल्या गेल्या. कागदाने नाकारलेला माळ चित्रानेही पुसावा काय?

म्हणून छिद्र थोडे लहान करावे. मागचे गवत व मुरूम ओळखू येईल, इतपतच धूसरता असावी. फूल देखणे दिसेलच. ते कोठले, हेही कळेल.