बालगीतातील दुसरा आवाज

मराठी बालकवितेची चर्चा करताना आपल्या समीक्षेने आजवर मुख्यतः दोन प्रश्न विचारले आहेत. कवितेची भाषा मुलाला झेपणारी आहे काय, हा एक. आणि ती उपदेशाच्या ओझ्याखाली दबली आहे काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांच्यामुळे पद्यबद्ध नीतिपाठांची पुष्कळशी अडगळ बाजूला पडली, हेही मान्य केले पाहिजे. परंतु या दोहोंतही बालकविता म्हणजे एका मुलाने एकट्याने वाचावयाचा मजकूर, असे धरून चाललेले असते. हे गृहीतच तपासून पाहावे, एवढा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तीन वर्षांचे मूल वाचत नाही. त्याच्यापर्यंत कविता येते ती दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून. आणि हे दुसरे तोंड कवितेच्या बाहेर नसून तिच्या घडणीतच असते.

बाळाच्या तळहातावर मोराला बोलावण्याचा खेळ घराघरांत ठाऊक आहे. मोठे माणूस आपली तर्जनी बाळाच्या तळहातावर लयीत टेकवीत राहते, मोराचे आदरातिथ्य होते, आणि अखेरीस मोर उडतो, म्हणजे मोठ्याचा हात एकदम वर जातो. हे गीत छापील पानावर अगदी सामान्य दिसते. त्यातले खरे काव्य उडण्यापूर्वीच्या क्षणात आहे. म्हणणारी तेथे किंचित थांबते. पहिल्या काही वेळा मूल नुसते बघत राहते. पुढे त्या थांबण्यात त्याचा श्वास रोखला जाऊ लागतो. आणि आणखी काही दिवसांनी उडण्याचा शब्द म्हणणारीच्या आधी मूलच उच्चारते. छंदःशास्त्रात आपण ज्याला यती म्हणतो तो येथे निव्वळ विश्राम नाही. ती दुसऱ्या बोलणाराला करून दिलेली जागा आहे. या जागेचा विचार न करता अशा गीताचे मूल्यमापन करणे म्हणजे संवादातील एकाच पात्राची वाक्ये वाचून नाटकावर मत देण्यासारखे आहे.

अशा गीतांना आपण ‘बडबडगीत’ म्हणतो, आणि त्या नावातच थोडी तुच्छता आहे. त्यांतील शब्दांना अर्थ नाही, असे आपण म्हणतो व पुढे जातो. परंतु अर्थ नसला तरी रचना आहे, आणि ती रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. ‘आपडी थापडी’ किंवा ‘अडम तडम’ ही खेळांची नावेच घ्या. जोडीतील पहिला शब्द स्वराने सुरू होतो. दुसऱ्यात तोच ध्वनी पुन्हा येतो, मात्र आरंभी एक व्यंजन येऊन बसते. ही केवळ मुलांच्या खेळातली लहर नव्हे. अघळपघळ, ऐसपैस, उलटसुलट, अंगतपंगत हे प्रौढांच्या नित्य वापरातील शब्द याच साच्यातले आहेत. मराठीची ही जुनी खोड बालगीताने उचलली आणि तिला टाळीची साथ दिली. आता देवनागरीचा विचार करा. आपले अक्षर म्हणजे बहुधा व्यंजन आणि स्वर यांचा एकजीव झालेला घटक. बाराखडी शिकताना मुलाची जी अडचण होते ती हीच, की ‘था’मध्ये ‘आ’ लपलेला आहे हे त्याला दिसत नाही. आपडी-थापडी खेळलेल्या मुलाच्या कानाने तो लपलेला स्वर डोळ्यांच्या कितीतरी आधी वेगळा काढलेला असतो.

या संदर्भात इंग्लंडमधील एक संशोधन उल्लेखनीय आहे. मॅक्लीन, ब्रायंट आणि ब्रॅडली यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीन वर्षांच्या मुलांना पारंपरिक शिशुगीते किती ठाऊक आहेत आणि पुढे त्यांना शब्दांतील ध्वनी कितपत ओळखता येतात, यांचा निकट संबंध आढळला. आणि कुटुंबाची सामाजिक स्थिती व मुलाची बुद्धिमत्ता हिशेबात घेतल्यानंतरही तो उरला. इंग्रजी लिपीची रीत निराळी असल्याने हा निष्कर्ष जसाच्या तसा मराठीला लावणे धाडसाचे होईल. तथापि आपल्याकडे अक्षर हाच लिपीचाही घटक आणि अक्षरछंदाचाही घटक आहे, हे ध्यानात घेता, मराठीत हा संबंध अधिकच जवळचा असण्याचा संभव आहे. त्याची तपासणी मात्र आपल्याच मुलांत व्हावयास हवी.

छापील बालकवितेत या दुसऱ्या आवाजाचे काय झाले? दत्त यांची (दत्तात्रेय कोंडो घाटे, 1875–1899) दरिद्री घरातल्या आईची अंगाई मराठीत सर्वपरिचित आहे. तिची करुणा अस्सल आहे. परंतु ती बाळाच्या डोक्यावरून प्रौढ श्रोत्याकडे जाते. अंगाईचे रूप तेथे कवीने उसने घेतले आहे. बाळ झोपले काय किंवा जागे राहिले काय, कवितेत फरक पडत नाही. म्हणून ती थोर कविता असली तरी बालगीत नव्हे, असे मला वाटते. याच्या उलट मंगेश पाडगावकरांचा भोलानाथ. येथे मूल नंदीबैलाला आपल्या सोयीचे कौल लावीत जाते. साऱ्या कवितेत प्रश्नच आहेत; एकाचेही उत्तर कवीने दिलेले नाही. उत्तर द्यावयाचे ते मान हालवून, आणि मान हालवायला समोर कोणीतरी हवे. वडील बैल झाले की कविता पुरी होते. विंदा करंदीकरांनी ‘एटू लोकांचा देश’ (1963) यात जरा निराळी युक्ती केली आहे. त्या देशाचा ठावठिकाणा हिमालय-तिबेटच्या परिसरातला, भूगोलाच्या पुस्तकाच्या थाटात इतका नेमका दिला आहे, की मूल नकाशा काढल्याशिवाय राहू नये. आणि नकाशात तो देश मोठ्यांनाही सापडू नये. जाणता आणि नेणता हे नाते तेथे क्षणभर नाहीसे होते. करंदीकरांच्या बालकवितेतील विक्षिप्तपणाची आपण तारीफ करतो, पण तो विक्षिप्तपणा दोघांनी मिळून गोंधळण्यासाठी योजलेला आहे, हे पुरेसे सांगितले गेलेले नाही.

शाळेत मात्र कविता एका आवाजाची झाली. ‘पाठांतर’ या शब्दात श्रोता परीक्षक असतो. मुलाने थांबू नये अशी तेथे अपेक्षा. थांबले तर विसरले असे समजावयाचे. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला तो या रीतीविरुद्धच होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. ताराबाईंनी 1945 पासून बोर्डीत आणि 1957 पासून कोसबाडला, अनुताई वाघ यांच्यासह, बालवाडी मुलांच्या वस्तीत, त्यांच्याच अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याच प्रयोगातला. 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तो देशभर गेला. अंगणात गीत म्हटले की ते ओसरीवरच्या आईच्या कानी पडते, हा त्या शब्दातला वाङ्मयीन अर्थ. शब्द टिकला आहे; हा अर्थ टिकला आहे काय, याविषयी शंका घ्यावीशी वाटते. आज पुष्कळ ठिकाणी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गीत लावले जाते आणि मुले हातवारे करतात. त्या गीतांतील रंग, चाल, उच्चार यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण पडदा थांबत नाही. मुलाचा शब्द येवो न येवो, पुढची ओळ ठरल्या क्षणी येते.

घरातल्या परंपरेचे सोवळे चित्र रंगवण्याचाही येथे उद्देश नाही. आपले पाळणे बहुतांशी राम-कृष्णांचे, म्हणजे मुलग्यांचे आहेत. त्यांत मुलीच्या वाट्याला काय आले, हे कोणीतरी एकदा मोजून मांडले पाहिजे. आणखी एक गंमत अशी की चंद्र मामा आणि मांजर मावशी. बालगीतातले आप्त बहुधा आईच्या माहेरचे. चुलता, आत्या तेथे फारसे आढळत नाहीत, आणि बाप तर जवळजवळ नाहीच. ही गीते कोणी रचली आणि ती म्हणताना तिचे मन कोठे होते, याचा हा बोलका पुरावा आहे. भोलानाथासाठी वडिलांना बैल व्हायला सांगणे, ही त्या दृष्टीने परंपरेत पडलेली भरच होय.

पालकांच्या सहभागाविषयी आज जे बोलले जाते त्यात गृहपाठाची वही तपासणे, सभेला हजर राहणे, पुस्तक वाचून दाखविणे असे प्रकार येतात. यांतल्या प्रत्येकाला अक्षरओळख लागते. ज्या आईला ती नाही, ती शाळेच्या दारात आपण रिकाम्या हाताने आलो असे मानते. आणि शिक्षकही पुष्कळदा तसेच मानतात. तिला येणारी गीते ‘लोकसाहित्य’ आणि मुलाच्या पुस्तकातली ‘बालसाहित्य’, ही विभागणी शाळेने नव्हे, आपण विद्यापीठांनी केली आहे. एकाच गीताचा एक भाग आपण संग्रहालयात ठेवला व दुसरा क्रमिक पुस्तकात.

संग्रहांचीही एक उणीव नोंदवली पाहिजे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबर यांच्या लोकसाहित्यविषयक संकलनांनी मोठे काम केले, गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. तान्ह्यांच्या गीतांचे पाठ मात्र आपण प्रायः शब्दांपुरतेच उतरवून घेतो. म्हणणारी कोठे थांबली, तिचा हात तेव्हा बाळाच्या तळव्यावर होता की गालावर, बाळ काय म्हणाले आणि ते ऐकून तिने पुढली ओळ बदलली काय, यांची नोंद होत नाही. विभागातील विद्यार्थ्यांनी पुढील क्षेत्रकार्यात एकाच गीताची एकाच घरातली, महिन्या-महिन्याच्या अंतराने घेतलेली ध्वनिमुद्रणे जमविली, तर मुलाचा शब्द प्रथम कोणत्या जागी येतो हे तरी कळू लागेल.